केनवडची माती, वाशीमची फ्रीस्टाईल

वाशीमच्या फ्रीस्टाईल कुस्त्या पाहून आल्यापासून माझ्या दुकानात कापड कमी आणि गप्पाच जास्त चालल्यात. मंगरूळपीरातून तिकडे गेलेला मी एकटाच. त्यामुळे जो येतो तो लट्ठ्याच्या ठाणावर हात ठेवून विचारतो, "काय शेटजी, खऱ्या होत्या का खोट्या?" एका वाक्यात याचं उत्तर देता येत नाही, आणि दर गिऱ्हाइकाला पहिल्यापासून सांगत बसलो तर दुकानाला कुलूप लावावं लागेल. म्हणून एकदाच लिहून काढतो. वाचायचं त्याने वाचावं, आणि कापड घ्यायला आलेल्याने मुकाट्याने कापड घ्यावं.

आधी माझ्याविषयी. आमचं घर जैनांचं. सूर्य मावळला की आमच्याकडे अन्न बंद. मुंगी दिसली तर पाय उचलून पलीकडे टाकणारी माणसं आम्ही. अशा घरात मला कुस्तीचं वेड कुठून लागलं, हे माझ्या वडिलांना शेवटपर्यंत कळलं नाही. मी स्वतः कधी लंगोट बांधला नाही, फक्त विकला. लंगोटाचं तांबडं जाड कापड आमच्या भागात माझ्याच दुकानात मिळतं, आणि त्याच कापडापायी केनवडच्या तुळशीराम वस्तादांची ओळख झाली.

वस्ताद जातीने माळी. वांगी, मिरची, मेथी पिकवतात आणि फावल्या वेळात तालीम चालवतात, असं लोक म्हणतात. खरं म्हणजे ते तालीम चालवतात आणि फावल्या वेळात मेथी पिकवतात. वीस वर्षांपूर्वी आमच्या उरुसाच्या दंगलीत त्यांनी एका दांडग्या गड्याला ढाकेचा डाव लावून असं उचललं होतं, की मी आनंदाने शेजारच्या माणसाची टोपी हवेत उडवली. दुसऱ्या दिवशी ते लंगोटाचं कापड घ्यायला दुकानात आले आणि आमची दोस्ती जमली. पुढे गुडघा गेला, कुस्ती सुटली, वस्ताद मात्र राहिले.

वस्तादांचा एकुलता एक मुलगा वसंता. बापाच्या हाताखाली तयार झालेला, अंगाने सडपातळ पण चपळ. पाच वर्षांपूर्वी केनवडच्या जत्रेत त्याची कुस्ती त्याच्या जिवलग मित्राशी लागली. त्या मित्राला पाहायला म्हणून त्याचे होणारे सासरे मैदानात बसले होते. वसंताच्या मनात काय आलं कोणास ठाऊक, त्याने मित्रासमोर आपली पाठ अलगद टेकवली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. वस्तादांनी मात्र ओळखलं. अशा ठरवून हरलेल्या कुस्तीला आपल्याकडे नुरा म्हणतात, आणि वस्तादांच्या लेखी नुरा करणं म्हणजे आईला विकणं. भर मैदानात त्यांनी पोराच्या थोबाडीत मारली. मित्राचं लग्न झालं, त्याला दोन मुलं झाली, पण वसंता त्या दिवशी जो गेला तो परत आलाच नाही.

संक्रांतीच्या सुमारास माझ्या ओळखीचा एक कंडक्टर दुकानात आला आणि म्हणाला, "शेटजी, वाशीमले फ्रीस्टाईलवाले येऊन राह्यले. त्याइच्यात तुमच्या वस्तादाचा पोट्टा हाय. मले भेटला होता पलीकडच्या मुक्कामाले. म्हणे, मी बुरखा घालून लढतो. काला तूफान म्हणतात त्याले."

मी कापड मोजायची पट्टी खाली ठेवली. एका दगडात दोन पक्षी. फ्रीस्टाईल पाहायची माझी कधीपासूनची इच्छा, आणि वस्तादांच्या घरची गाठ सोडवायची संधी. प्रश्न उरला बायकोचा. कुस्तीला जातो म्हटलं असतं तर माझीच कुस्ती झाली असती. मी आमच्या जैनांच्या तीर्थाचं नाव पुढे केलं, "शिरपूरले दर्शनाले जाऊन येतो." तिने भक्तिभावाने दशम्यांचा डबा करून दिला. त्या डब्याने मला पुढे चांगलीच शिक्षा केली.

केनवड

शेलूबाजारला गाडी बदलून केनवडला पोचलो तेव्हा दुपार कलली होती. प्रवासाचं सांगण्यासारखं एवढंच, की माझ्या शेजारी बसलेल्या बाईच्या टोपलीतली कोंबडी पूर्ण वेळ माझ्याकडे संशयाने पाहत होती. मी कोणत्या घरचा आहे हे तिला सांगायची सोय नव्हती.

तालमीत वस्ताद नव्या पोरांना शिकवत होते. शिकवत होते म्हणजे पाडत होते. त्यांच्या तालमीत पहिले सहा महिने एकही डाव शिकवत नाहीत, फक्त पडायला शिकवतात. हनुवटी छातीला चिकटवायची, अंग गोल करायचं आणि पाठ लागायच्या आधी डाव्या हाताची थाप मातीवर मारायची. पोरं धपाधप पडत होती आणि वस्ताद "थाप आंधी, थाप आंधी" म्हणून ओरडत होते.

मी म्हणालो, "वस्ताद, पडाले काय शिका लागते? मी तं न शिकता दुकानाच्या पायरीवरून तीनदा पडलो."

"म्हून तं हात मोडला ना तुमचा," वस्ताद म्हणाले.

जेवायला घरी गेलो. वस्तादांच्या पत्नी सुभद्रावैनी यांना माझे नियम पाठ आहेत, तरी दर वेळी त्यांना माझी नव्याने कीव येते. मी कांदा खात नाही, लसूण खात नाही, आणि त्यांच्या मळ्यातली ती जांभळी चकचकीत वांगीही खात नाही. त्यांनी माझ्यासाठी मुगाची डाळ घालून मेथी केली, गरम ज्वारीची भाकर केली आणि लसणाशिवाय ठेचा वाटला. वाटताना स्वतःशीच म्हणत होत्या, "बिनलसणाचा ठेचा. देवा, काय दिवस दाखवून राह्यला." ठेचा इतका जहाल होता की लसूण असता तरी मला कळला नसता. आमच्या घरी मिरची दिसते तेवढी, इथे ती बोलते.

दिवस बुडायच्या आत हात धुतले आणि मी विषय काढला. वसंताचं नाव या घरात पाच वर्षांत कोणी मोठ्याने घेतलं नव्हतं. वैनींच्या हातातलं ताट तसंच राहिलं. वस्ताद भिंतीकडे पाहत म्हणाले, "म्हणजे आता थो तिकिटावर नुरा करून राह्यला. तिथं तं समदंच ठरलेलं असते. मले त्याचं तोंड पाह्यचं नाई."

वैनी शांतपणे म्हणाल्या, "मंग तोंड नका पाहू. बुरखाच पाहा. थो बुरखा घालूनच लढते म्हणतात ना भाऊ?"

अस्मान दाखवणाऱ्या माणसाला मी प्रथमच त्याच्या घरात चीत झालेलं पाहिलं. वैनींनी लगेच तीळ भाजायला घेतले. सकाळी फडक्यात बांधलेले सात लाडू माझ्या हातात देऊन म्हणाल्या, "हे त्याले द्या. अन सांगा, मायनं काई इचारलं नाई, फक्त लाडू देल्ले."

निघताना वस्ताद तालमीत शिरले आणि चिमूटभर माती उपरण्याच्या टोकाला बांधून बाहेर आले.

"हे कायले?" मी विचारलं.

"परक्या मैदानात उतरताना आपली माती सोबत असावी."

"वस्ताद, आपण पाहाले जाऊन राह्यलो. उतराले नाई."

"थे बी खरंच हाय," असं म्हणून त्यांनी गाठ आणखी घट्ट केली.

जऊळका

केनवडहून वाशीमला सरळ गाडीने जाता येतं. पण वस्तादांचा गुडघा एस.टी.च्या बाकड्यात मावत नाही. जऊळक्याला उतरून आगगाडी धरायची म्हणजे पाय लांब करता येतो, असा त्यांचा हिशेब. आगगाडीने आमचा विचार न करता दीड तास उशीर केला, आणि वस्तादांनी फलाटावरच पाय लांब केला.

तिथे एका बागवानाकडून पेरू घेतले. वस्तादांनी पेरू कापायला चाकू मागितला नाही. दोन तळव्यांत धरून दाबला, पेरूचे चार तुकडे झाले. बागवानाने कौतुकाने आणखी एक पेरू दिला आणि म्हणाला, "अजून एक बार करके दिखाओ पैलवान." वस्तादांनी केलं. फलाटावरचे लोक जमले. अशा तऱ्हेने आम्ही पेरू पोटभर खाल्ले आणि गाडी आली. गाडीत बसल्यावर मला आठवलं, की माझा दशम्यांचा डबा फलाटावरच्या बाकावर राहिला. शिरपूरचं खोटं नाव घेऊन करून घेतलेला डबा. देव उधारी ठेवत नाही.

गाडीत वस्तादांनी एकदाच तोंड उघडलं. बाहेर पाहत म्हणाले, "शेटजी, थो बुरखा काढून पाया पडला तं मी काय करू?"

"तुमी काय करसान?"

"थेच तं मले समजून नाई राह्यलं."

वाशीम

मैदान गावाबाहेर होतं. आपल्या दंगलीला तिकीट नसतं, येईल त्याने कडेने बसावं. इथे कनातीचा आडोसा, दारावर धटिंगण, आणि पुढे खुर्च्या, मागे सतरंज्या. आम्ही सतरंजीवाले. मधोमध चार खांबांना ट्रकचे दोर बांधून चौकोन केला होता, त्यात गाद्या आणि वर ताडपत्री. आपल्या आखाड्यात माती चाळून तिच्यात तेल, हळद, ताक घालतात, तिची पूजा होते. इथल्या ताडपत्रीवर जुन्या कुठल्यातरी सिमेंटचे डाग होते. वस्तादांनी तिच्याकडे जसं पाहिलं, तसं मी आमच्या स्वयंपाकघरात कांदा सापडल्यावर माझ्या आईला पाहताना पाहिलं आहे. डफड्याऐवजी लग्नाचा बॅन्ड होता. वेळ संपल्याची खूण म्हणून रुळाचा एक तुकडा टांगलेला, त्यावर हातोडा.

आता माझी मतं. ज्यांना नकोत त्यांनी पुढे जावं.

पहिली कुस्ती ऑस्ट्रेलियाच्या एका जगज्जेत्याची होती. तो कुस्तीआधी कनातीमागे अस्सल नागपुरी हिंदीत पान मागताना मी ऐकला होता. तरीही माझं मत असं, की गडी उत्तम. त्याने समोरच्याला डोक्यावर धरून गरगर फिरवलं तेव्हा मी उभा राहून ओरडलो. आपल्याकडे दोन पैलवान एकमेकांच्या मानेवर हात ठेवून अर्धा तास विचार करतात, आणि त्या वेळात पब्लिक शेंगा खाते. इथे शेंग सोलायला फुरसत नाही. पंच मात्र आंधळा. त्याच्या नाकासमोर एकाने दुसऱ्याला खुर्ची मारली तेव्हा तो बुटाची नाडी बांधत होता. मी त्याला दोन-तीन शब्द सुनावले. ते इथे लिहीत नाही, कारण हे बायकोही वाचेल.

दुसरी कुस्ती बुऱ्हाणपूरचा चित्ता नावाच्या एका गड्याची. तोंडाला पिवळा रंग, त्यावर काळे ठिपके, पोळ्याच्या बैलासारखा नटवलेला. त्याच्यासमोर त्याच्या दुप्पट आकाराचा सरदार. चित्ता आला आणि पडला. उठला आणि पडला. दोरावरून पडला, पाठीवर पडला, एकदा तर पंचासकट पडला. माझं स्पष्ट मत झालं, की सगळ्या ताफ्यातला हा सर्वांत भिकार पैलवान. मी ओरडलो, "अबे, याले घरी पाठवा!" सगळी सतरंजी हसली.

वस्ताद हसले नाहीत. ते पुढे झुकून, डोळे बारीक करून पाहत होते. लांबचं त्यांना आता नीट दिसत नाही. ते पुटपुटले, "पडते मात्र बरा."

मी लक्ष दिलं नाही. मला काला तूफानची घाई झाली होती, कारण सूर्य खाली येत होता. तिसरी झाली, चौथी झाली, आणि सूर्य कनातीच्या काठाला टेकला. पोटात पेरूशिवाय काही नाही. आता खाल्लं नाही तर उद्या सकाळपर्यंत उपास. बाहेर जाऊन काही खावं तर मुख्य कुस्ती हुकणार. मांडीवर वैनींचं फडकं होतं. मी देवाचं नाव घेतलं, गाठ सोडली आणि दुसऱ्याच्या आईने दुसऱ्यासाठी दिलेला एक लाडू तोंडात टाकला. लाडू फार सुरेख होता, त्यामुळे जास्तच वाईट वाटलं.

तेवढ्यात बॅन्ड थांबला आणि काला तूफान आला. डोक्यापासून गळ्यापर्यंत काळा बुरखा, डोळ्यांना दोन भोकं, छाती दरवाजाएवढी. वस्तादांनी माझं मनगट धरलं. "फुगला," ते म्हणाले. "माहा वसंता असा फुगला?" आवाज त्यांचा नव्हता.

काला तूफानने आधी एकाला दोन मिनिटांत लोळवलं. मग कर्ण्यावरून निवेदक गरजला, "है कोई माई का लाल इस मैदान में, जो काला तूफान से हाथ मिलाए?" काला तूफान चारी बाजूंनी मांड्या ठोकत फिरला.

फ्रीस्टाईल पाहणाऱ्या कोणालाही ठाऊक असतं, की हे बोलायचं म्हणून बोलतात. टाळ्या वाजवायच्या आणि बसून राहायचं. पण वऱ्हाडातल्या दंगलीत आव्हान फिरवलं की ते खरं असतं. उठावं, चालत जावं, मातीची सलामी द्यावी. त्याला कोणी ना म्हणत नाही. मी लाडवाचे तीळ दाढेतून काढत होतो, तेवढ्यात शेजारची जागा रिकामी दिसली. वस्ताद सदरा काढत लंगडत निघाले होते.

"वस्ताद! ओ वस्ताद! थे खरं नाई!" मी ओरडलो. पण सगळं मैदान उठलं होतं. पन्नाशीचा माणूस, पांढऱ्या मिशा, धोतराचा काचा, आणि गुडघा असा. लोकांनी शिट्ट्यांनी आभाळ डोक्यावर घेतलं.

पंच धावला. निवेदक कर्णा बंद करायला विसरला, म्हणून त्याचं बोलणं आम्हा सर्वांना ऐकू आलं. "काका, उतरा ना! इथं असं नसते!"

"मंग इचारलं कायले?" वस्ताद म्हणाले.

त्यांनी उपरण्याची गाठ सोडली, केनवडची माती तळव्यावर घेतली आणि काला तूफानपुढे हात धरला. त्यांच्या हाताखाली शिकलेला कोणीही ती माती आधी कपाळाला लावतो, मग हात मिळवतो. काला तूफानने बुरख्याच्या भोकांतून खाली पाहिलं.

"ये क्या है, चाचा?" तो म्हणाला आणि त्याला शिंक आली. माती उडाली.

वस्ताद माझ्या दिशेने वळले आणि कर्ण्यातून सगळ्या मैदानाला ऐकू गेलं, "शेटजी! हा आपला नव्हे!"

एवढं हसू मी कुठल्या मैदानात ऐकलं नाही. मलाही हसू आलं असतं, पण वस्तादांचा चेहरा दिसला. पाच वर्षांनी पोरगा भेटणार म्हणून एक माणूस गुडघा ओढत तिथवर गेला होता, आणि आता परत कसं यायचं हे त्याला कळत नव्हतं.

काला तूफानलाही काहीतरी करणं भाग होतं. त्याने गंमत म्हणून वस्तादांना खांद्यावर घ्यायला हात घातला. इथे त्याची चूक झाली. वस्तादांच्या अंगाला गंमत कळत नाही. हात पडताच त्यांच्या शरीराने आपोआप ढाक लावली, आणि तो दरवाजाएवढा माणूस ताडपत्रीवर धाडकन आला. वीस वर्षांपूर्वीचीच ढाक. माझ्या हातून पुन्हा कोणाची तरी टोपी उडाली.

मग सगळं बिघडलं. काला तूफान उठला तो खरोखर चिडून. वस्तादांचा गुडघा अडकला होता, त्यांना हलता येईना. तो डोकं खाली घालून धावला. मी डोळे मिटणार, तोच दोराखालून एक माणूस आत घुसला. अर्ध्या तोंडाचा पिवळा रंग पुसलेला, अर्ध्यावर ठिपके तसेच. चित्ता. त्याने वस्तादांना कवेत घेतलं, धडक स्वतःच्या कुशीवर घेतली आणि त्यांच्यासकट मागे पडला. हनुवटी छातीला. अंग गोल. पाठ लागायच्या आधी डाव्या हाताची थाप.

थाप मी ऐकली. मला, कापडवाल्याला, ती ओळखू आली. वस्ताद त्याच्या छातीवर पडले होते, त्यांना खरचटलंही नव्हतं. चित्त्याचे दोन्ही खांदे ताडपत्रीला टेकलेले. कोणत्याही नियमाने ही स्वच्छ चीतपट, आणि जिंकले वस्ताद. पंचाला काही सुचेना, त्याने वस्तादांचा हात वर केला. लोकांना वाटलं, हे आधीच बसवलेलं होतं. शेजारचा एक जण मला म्हणाला, "काय सीन बसवला राजेहो!"

वस्ताद उठले नव्हते. चित्त्याच्या तोंडावरचा उरलेला रंग ते उपरण्याने पुसत होते.

तंबूत कंदिलाशेजारी बापलेक बसले तेव्हा मी दाराशी उभा राहिलो. निघून जायला हवं होतं, गेलो नाही. काला तूफान बुरखा काढून आला. भला माणूस निघाला, वस्तादांचा गुडघा दाबत म्हणाला, "चाचा, गुस्सा आ गया था. माफ करना." त्यांना चहा देऊन तो गेला.

"त्या कंडक्टरले बुरखेवाला मीच म्हणून काहून सांगतलं?" वस्तादांनी विचारलं.

वसंता खाली पाहत म्हणाला, "मंग काय सांगू? रोज हरणारा मी हाओ म्हणून? थो तुमाले सांगन, हे मले मालूम होतं."

वस्तादांनी चहा खाली ठेवला. मग वसंताच म्हणाला, "बाबा, कोण जिकन अन कोण हरन, थे इथं ठरलेलं असते. थे मी नाकारत नाई. पण पडणं कोणी ठरवत नाई. तीन मणाचा गडी अंगावर येते. त्याले लागू द्यायचं नाई अन आपल्यालेबी लागू द्यायचं नाई. इथं समदे माह्यासंगच लढाले मागतात. म्हणतात, याच्याजवळ हाडं मोडत नाई. थे मी इथं नाई शिकलो."

वस्तादांच्या मिशा हलल्या. ते म्हणाले, "त्या दिवशी तू दोस्तासाठी पडला होता. मी पाह्यलं फक्त पाठ टेकली म्हणून. माहा हात चुकला, वसंता. पाच वर्सं झाली, माहा हात चुकला."

असं म्हणून तो माणूस रडला. मीही रडलो, आणि त्याची मला काही लाज वाटत नाही. मग फडकं पुढे करून सांगितलं, "तुह्या मायनं देल्ले. काई इचारलं नाई म्हणे. सात होते. एक मी खाल्ला."

वसंताने फडकं नाकाशी नेलं. एक लाडू मला देत म्हणाला, "भुकेले असान काका, अजून घ्या." बाहेर दिवस बुडाला होता. मी हात जोडून नाही म्हटलं.

चित्ता लगेच घरी येऊ शकत नव्हता. पुढच्या मुक्कामांवर त्याचं नाव लागलं होतं, आणि तो नसला तर सरदाराने कोणाला आपटायचं? चैत्रात येतो म्हणाला. वस्तादांनी उपरण्यात उरलेली माती त्याच्या तळव्यावर ठेवली. त्याने ती आधी कपाळाला लावली.

शिरपूर आणि परत केनवड

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वस्तादांना घेऊन शिरपूरला गेलो. बायकोला सांगितलेलं खोटं निदान उशिराने तरी खरं करावं म्हणून. दर्शन घेतलं, कान पकडले, यापुढे असत्य बोलणार नाही असं देवाला सांगितलं. वस्ताद बाहेर पायरीवर पाय लांब करून बसले होते. मला म्हणाले, "तुमच्या देवाले सांगा, आता चैत्र लवकर आण म्हणा." मी परत आत जाऊन तेही सांगून आलो.

दुपारी केनवडला पोचलो. वैनी मेथीच्या वाफ्यात होत्या. आम्हाला पाहून उठल्या, पण जवळ आल्या नाहीत. हातातली जुडी तशीच धरून उभ्या राहिल्या.

"भेटला?"

"भेटला," वस्ताद म्हणाले. "चैत्रात येतो म्हणे. लाडू खाल्ले त्यानं."

वैनी खाली बसल्या. पदराने डोळे पुसले, नाक पुसलं. थोड्या वेळाने त्यांना धीर आला आणि त्यांनी केनवडच्या कोणत्याही बाईने विचारला असता तोच प्रश्न विचारला. "कुस्ती झाली का त्याची? जिकला का माहा पोरगा?"

वस्तादांनी तांब्यातलं पाणी सावकाश पिऊन संपवलं. ज्या माणसाने एका खोट्या निकालापायी पोरगा गमावला होता, तो तांब्या खाली ठेवत म्हणाला, "जिकला."

"कोणाले पाडलं?"

"मले."

वैनींनी एकदा नवऱ्याकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे वळल्या. "भाऊ, खरं का हो?"

पाठ कोणाची टेकली होती, ते सगळ्या वाशीमने पाहिलं होतं. मी शिरपूरच्या दिशेने मनातल्या मनात हात जोडले.

"खरं हाय वैनी," मी म्हणालो. "माह्या डोयानं पाह्यलं."